बाराच्या भावात तेरावा पाव

(पडद्यावर: भट्टीतून फळीवर येणारे गोल पाव.)

इंग्रजीत किमतीवरच्या वाक्प्रचारांना तोटा नाही आणि त्यांना चिकटवलेल्या कहाण्यांनाही नाही. अवाच्या सवा भाव लावला की इंग्रज म्हणतो, ‘डेलाइट रॉबरी’. खिडक्यांवरच्या करामुळे लोकांनी खिडक्या बुजवल्या, घरातला उजेड लुटला गेला, म्हणून हा शब्द आला असं सांगतात. तो कर १६९६ साली आला आणि १८५१ साली गेला. वाक्प्रचार मात्र या अर्थाने दिसतो तो विसाव्या शतकात. तेव्हा ती कहाणी सोडून द्यायची.

‘ऑन द नेल’ म्हणजे जागच्या जागी रोख. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात कॉर्न स्ट्रीटवर, एक्स्चेंजच्या म्हणजे जुन्या व्यापारी इमारतीच्या दारात, काशाची चार खांबवजा टेबलं आहेत. नाव ‘नेल्स’. व्यापारी त्यांवर पैसे मोजून सौदा पुरा करत. दोघांवर साल आहे, १६२५ आणि १६३१. वाक्प्रचार त्याआधीच रुळलेला होता, म्हणजे नाव टेबलांनीच उसनं घेतलेलं दिसतं.

‘बेकर्स डझन’ची गोष्ट वेगळी. डझन म्हणायचं आणि तेरा द्यायचे. याच्यामागे मात्र खरंखुरं गणित आहे.

(पडद्यावर: तराजू. एका पारड्यात पाव, दुसऱ्यात चांदीच्या पेनी.)

१२६६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पाव आणि बिअरचा कायदा झाला. त्यात पावाची किंमत पक्की, वजन बदलतं. गहू महाग झाला की पाव महाग होत नसे, लहान होत असे. वजनही नाण्यांतच सांगितलेलं. क्वार्टरभर (क्वार्टर हे धान्याचं जुनं माप) गहू १२ पेन्सला असेल, तर एका फार्दिंगच्या, म्हणजे पाव पेनीच्या, पांढऱ्या पावाचं वजन ६ पौंड १६ शिलिंग, म्हणजे १,६३२ पेनींच्या भाराइतकं (१२ पेनींचा शिलिंग, २० शिलिंगचा पौंड). आजच्या मापात साधारण २.४ किलो. गहू १८ पेन्सवर गेला की वजन ४ पौंड १० शिलिंग ८ पेन्स. २४ पेन्सवर गेला की बरोबर निम्मं.

पाव वजनात कमी भरला तर दंड. तूट २ शिलिंगच्या भारापेक्षा जास्त असेल, तर भर चौकात खोड्यात उभं राहायचं. २ शिलिंग म्हणजे २४ पेनी, जेमतेम ३५ ग्रॅम. गहू २४ पेन्सवर असतानाच्या, साधारण १.२ किलोच्या पावात ही सूट तीन टक्क्यांच्या आसपास. आणि भट्टीत काय होतं? कणकेतलं पाणी उडून दहा ते पंधरा टक्के वजन जातं. कडेचा पाव जास्त भाजला, तर त्याहून जास्त. पाव जितका लहान, तितका वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा आणि घटही मोठी. रात्रभर ठेवला तर आणखी सुकतो. प्रामाणिक भटारीसुद्धा सहज कचाट्यात सापडेल असा हा हिशोब.

म्हणून भीतीपोटी तेरावा पाव, असं सर्रास सांगतात. तेवढ्याने भागत नाही, कारण तपासायचं असतं ते एकेका पावाचं वजन. जास्तीचा नग दिल्याने हलका पाव जड होत नाही.

जास्त पटणारं कारण फेरीवाल्यांचं आहे. भटाऱ्याकडून डझनावर पाव घेऊन बाया दारोदार विकत. फार्दिंगचा पाव फार्दिंगलाच विकायचा, भाव चढवायची सोय नाही. मग त्यांना सुटणार काय? बाराचे पैसे, तेरा पाव. तेराव्याची किंमत हीच कमाई, म्हणजे गुंतवणुकीवर सव्वाआठ टक्क्यांच्या वर. भटाऱ्याचाही हिस्सा असाच पावातून ठरलेला होता. कायद्याच्या हिशोबात त्याला क्वार्टरमागे ४ पेन्स, कोंडा आणि वर दोन पाव धरलेले आहेत. नोकरांचे, मिठाचे, मेणबत्तीचे, सरपणाचे पैसे निराळे.

‘बेकर्स डझन’ हा शब्द छापील मिळतो तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस.

(पडद्यावर: दुकानातला काटा.)

लंडनसाठी १८२२ च्या आणि बाकी देशासाठी १८३६ च्या कायद्याने पाव तोलून विकणं बंधनकारक झालं, दुकानात काटा ठेवणंही. फॅन्सी ब्रेड आणि रोल यांना सूट होती. ते नगावरच विकले जात राहिले.