नाव पुसलं, माणूस उरला

श्रोतेहो, नमस्कार.

'आम्ही तुमची माहिती निनावी करूनच वापरतो.' अ‍ॅपच्या गोपनीयता धोरणात असं कुठेतरी लिहिलेलं असतं. ते वाचायला कुणाला सवड असते म्हणा! आपण भराभर खाली सरकतो आणि 'मान्य'वर बोट ठेवतो. नाव नाही ना देत, मग बिघडलं कुठे?

२००६ सालची गोष्ट ऐका. एओएल या इंटरनेट सेवा देणाऱ्या अमेरिकन कंपनीने ऑगस्टमध्ये आपल्या सुमारे साडेसहा लाख ग्राहकांनी तीन महिन्यांत केलेले शोध इंटरनेटवर खुले केले. हेतू चांगला होता, संशोधकांना अभ्यासाला सामग्री मिळावी. नावं काढून प्रत्येकाला नुसता क्रमांक दिला होता. पण सर्चच्या चौकटीत माणूस लिहितो काय? आपल्याच आडनावाची माणसं शोधतो, आपल्या गावातली कामाची माणसं शोधतो, बोटांना मुंग्या का येतात ते विचारतो, कुत्र्याच्या खोडीवर उपाय शोधतो. एकाच क्रमांकाखालचे असे शोध ओळीने वाचत न्यूयॉर्क टाइम्सचे वार्ताहर थेट एका बाईंच्या घरी पोचले. कंपनीने ती माहिती काही दिवसांतच मागे घेतली, माफीही मागितली. पण तोवर तिच्या प्रती जगभर झाल्या होत्या.

शोधांचं सोडा. तुम्ही कुठे जाता, एवढंच कुणाला कळलं तर? २०१३ साली संशोधकांनी पंधरा लाख लोकांच्या मोबाइलच्या नोंदी तपासल्या. नोंदींत नाव नव्हतं, फक्त कुठल्या तासाला फोन कुठल्या टॉवरजवळ होता एवढंच. माणूस कधी कुठे होता याच्या फक्त चार नोंदी हाती असल्या, की ९५ टक्के लोक त्या गर्दीतून वेगळे ओळखू येत होते. नवल वाटायला नको. रात्री तुमच्या घरी आणि दिवसा तुमच्या कामाच्या जागी, दोन्हीकडे असणारे तुम्हीच.

हे सगळं गोळा कोण करतं? इथे जरा थांबतो, कारण हा व्यवहार आपल्या डोळ्यांदेखत होतो आणि दिसत मात्र नाही. तुम्ही एखादी बातमी उघडता. पान उमटेपर्यंत त्यातल्या जाहिरातीच्या रिकाम्या जागेचा लिलाव होऊन गेलेला असतो, पापणी लवते न लवते तोच. बोली लावणाऱ्या कंपन्यांकडे तुमच्या फोनचं मॉडेल, तुम्ही काय वाचताय, साधारण कुठे आहात आणि फोनचा जाहिरात क्रमांक, म्हणजे जाहिरातींसाठी प्रत्येक फोनला दिलेला वेगळा क्रमांक, असा ऐवज जातो. लिलाव एकच जण जिंकतो, पण माहिती हरलेल्यांच्याही हाती पडलेली असते! तिथून ती डेटाच्या दलालांपर्यंत, म्हणजे लोकांची माहिती गोळा करून विकणाऱ्यांपर्यंत, झिरपते. हा जाहिरात क्रमांक म्हणजेच ते तथाकथित निनावीपण. नाव नसतं, पण या अ‍ॅपमधले तुम्ही आणि त्या अ‍ॅपमधले तुम्ही एकच, हे जुळवायला तो पुरतो.

अमेरिकेच्या सरकारी पाळतीबद्दल २०१३ मध्ये तिथल्याच गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी कागदपत्रं बाहेर काढली, तेव्हा जग हादरलं. कोणी कोणाला कधी आणि किती वेळ फोन केला, याच्या नोंदी घाऊक गोळा होत होत्या. त्यातून संभाषण न ऐकताही पुष्कळ कळतं. पुढे तर अमेरिकन सरकारी यंत्रणांनी दलालांकडून लोकेशन डेटा चक्क विकत घेतल्याचं उघड झालं. बाजारात मिळतंय म्हटल्यावर कोर्टाची पायरी कोण चढणार? मला पाळतीपेक्षा हा बाजार जास्त खुपतो.

यावर उपाय म्हणून पुष्कळ जण ब्राउझरची इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी, विंडो उघडतात. ती तुमच्या घरच्यांपासून हिस्ट्री लपवते, वेबसाइटपासून किंवा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीपासून नाही. त्यापेक्षा अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये जाऊन जाहिरात क्रमांक काढून टाका. आयफोनवर २०२१ पासून अ‍ॅप 'ट्रॅक करू का' असं विचारतं, तिथे नाही म्हणा. आणि हवामानाच्या अ‍ॅपला तुमचं अचूक ठिकाण देऊ नका. अंदाजे ठिकाण दिलंत तरी पावसाचा अंदाज तोच येतो.

नमस्कार.