ट्रेलर जोडण्याआधीचं गणित

मंडळी, उन्हाळा लागला की इथे कॅलिफोर्नियात आपल्या मराठी घरांत कॅम्पर ट्रेलर भाड्याने घ्यायचे बेत सुरू होतात. पहिला प्रश्न ठरलेला: "आमची एसयूव्ही ५००० पौंड ओढते ना?" जाहिरातीत तसं लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. पण ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरचं स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून गाडीला किती वजन पेलवेल, तो आकडा तिथे असतो. समजा तो १२०० पौंड आहे. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचच्या, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीच्या, बॉलवर यायला हवा. म्हणजे ५००० पौंडांच्या ट्रेलरचे किमान ५०० पौंड तुमच्या गाडीवर. उरले ७००. पाच मोठी माणसं बसली की तेही संपले, आणि कूलर, तंबू, आईंनी करून दिलेला चिवडा अजून दारातच!

मग कुणीतरी म्हणतं, बॉलवरचा भार कमी करू, जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला टाकू. हे मात्र करू नका. बैलगाडीत ओझं मागे गेलं की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं; इथे तेच ताशी ५५ मैलांना घडतं. शेजारून मोठा ट्रक गेला, वाऱ्याचा धक्का बसला की ट्रेलर डोलायला लागतो. वेग कमी असेल तर डोलणं आपोआप विरतं. एका मर्यादेपलीकडे ते विरत नाही, प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. पाण्याची टाकी तर सगळे विसरतात. ३० गॅलन पाणी म्हणजे सुमारे २५० पौंड, आणि टाकी ॲक्सलच्या मागे असेल तर ती भरल्यावर सगळं गणित बदलतं. म्हणून सामान भरून झाल्यावर ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर वजन करून घ्या.

डोलायला लागलाच तर पाय ब्रेककडे धावतो आणि हात स्टिअरिंग उलटसुलट फिरवतात. दोन्हींनी प्रकरण चिघळतं. 'वेग वाढवला की सरळ होतो' हा सल्लाही ऐकू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा. ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक गाडीतून लावायचं उपकरण) असेल तर हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. मग बाजूला थांबून सामान पुढे सरकवा, नाहीतर पुढच्या उतारावर पुन्हा तेच.

वेगाचं म्हणाल, तर पाटी ६५ची असो की ७०ची, ट्रेलर जोडलेल्या गाडीला या राज्यात कमाल ५५च.

ट्रेलर गाडीला बांधणाऱ्या सुरक्षेच्या साखळ्या त्याच्या पुढच्या दांड्याखालून एकमेकींना छेद देत लावा. हिच सुटलाच तर दांडा त्यांच्यावर टेकतो, रस्त्यात रुतत नाही. ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी बारीक तार मात्र साखळीला नाही, थेट गाडीलाच अडकवायची.

मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. हात डावीकडे नेला की ट्रेलरचं मागचं टोक डावीकडे. मागे उभं राहून हातवारे करणारं माणूस आरशातून दिसेनासं झालं, की गाडी जागच्या जागी थांबवायची.