कांदा न चिरणारे चाकू

(आमच्या गिर्यारोहण मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. श्रोत्यांमधले संवाद आणि चहाच्या सूचना गाळल्या आहेत.)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय 'ट्रेकसाठी चाकूची निवड' असा छापलाय आणि त्यावर मी बोलणार आहेच. सेक्रेटरीबाईंनी तासभर दिलाय. साडेसातला हॉल भजनी मंडळाचा आहे आणि त्यांचे पखवाजवाले वेळेच्या आधीच दारात येऊन उभे राहतात, तेव्हा फार फाटे फोडणार नाही. हसू नका, प्रयत्न करतो.

या टेबलावर जे मांडलंय ते माझं नाही, तुमचं आहे. मोठ्या हौसेने घेतलेले, एखाददुसऱ्या ट्रेकला नेलेले आणि मग 'जरा धार लावून ठेवा हो' म्हणून माझ्याकडे टाकलेले चाकू. परत न्यायला कुणी येत नाही. घरात यांच्यासाठी एक वेगळा ड्रॉवर झालाय, आमच्या घरी त्याला पांजरपोळ म्हणतात.

आता तुम्ही मला हे का आणून देता, तर माझी सगळी नोकरी भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांसमोर गेली. डाय, पंच, कटर यांचं हार्डनिंग, टेम्परिंग, म्हणजे पोलाद तापवून कडक करायचं आणि मग पुन्हा जरा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा. त्यामुळे चाकू हातात आला की त्याचा रुबाब मला दिसतच नाही, मला त्याची धार आणि धारेच्या मागचं पोलाद दिसतं. आणि माझं ठाम मत असं झालंय की चाकू निराश करतो तो धारेमागच्या जाडीमुळे. ती बरोबर असेल तर मग हार्डनिंग कसं झालंय ते बघायचं. पोलादाचं नाव त्यानंतर. दुकानात मात्र आपण नेमके उलटे प्रश्न विचारतो. स्टील कुठलं? किती इंची? होकायंत्र आहे का?

होकायंत्राचं सांगतोच. हा बघा. मागच्या रांगेपर्यंत दिसतोय ना? दिसणारच, तेवढ्यासाठीच तो बनवलाय.

1982 मध्ये हॉलिवूडचा एक सिनेमा आला, त्यातल्या माजी सैनिकाकडे पोकळ मुठीचा आणि पाठीला करवतीचे दाते असलेला चाकू होता. मूळचा चाकू जिमी लाइल नावाच्या अमेरिकन कारागिराने बनवला होता आणि तो कामाचा होता. पण त्यानंतर त्याच्या स्वस्त नकलांचा जो पूर आला तो अजून ओसरलेला नाही. ही त्यातलीच एक. ऑनलाइन मागवलेली. मालक आपल्यातलेच, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. नाव घेत नाही, पण ते आत्ता जमिनीकडे बघतायत.

मुठीच्या बुडाशी झाकण आहे, ते फिरवून काढलं की आत काड्यापेटीच्या काड्या, गळ आणि दोरा. आता रतनगडावर गळ कुठे टाकायचा? टाक्यात? झाकणावर हे होकायंत्र. हे मी टेबलावर ठेवतो, सुई तिकडे, खिडकीकडे. आता झाकण पुन्हा मुठीवर बसवतो. बघा, सुई फिरली. कारण खाली हे वीतभर चुंबकाला चिकटणारं पोलाद आहे. या होकायंत्राला उत्तर दिशेत रस नाही, त्याला चाकूतच रस आहे! धुक्यात याच्या भरवशावर निघालात तर कुठे पोचाल सांगता येत नाही.

तर रतनगडच्या गुहेत आमचा मुक्काम होता. खिचडीची तयारी चाललेली. या गृहस्थांनी मोठ्या थाटात म्यानातून हा काढला आणि कांद्यावर ठेवून दाबला. कांदा चिरला गेला नाही, फुटला. अर्धा कांदा गडगडत जाऊन कुणाच्या तरी स्लीपिंग बॅगेत शिरला. दुसऱ्याची तीच गत. टोमॅटोचं तर सरळ सारच झालं. गृहस्थ म्हणाले, धार गेली वाटतं. मी अंगठा आडवा फिरवून पाहिलं, धार होती, बऱ्यापैकी होती.

आता तुम्हाला वाटेल की सोबतच्या रतनवाडीच्या मामांनी कमरेची कोयती काढली आणि शहरी लोकांची जिरवली. आपल्या ट्रेकच्या गोष्टींमध्ये असंच व्हायचं असतं. पण मामांनी कोयतीला हातसुद्धा लावला नाही. ते एवढंच म्हणाले, "घरची सुरी न्हाई का आनली?" आणि एका मुलीने ती आणली होती. आईने पेपरात गुंडाळून, वर रबरबँड लावून दिलेली प्लास्टिकच्या मुठीची भाजीची सुरी. सगळ्यांची खिचडी त्या सुरीवर झाली.

पुण्याला आल्यावर मी दोन्ही पाती जाडी मोजायच्या व्हर्नियरमध्ये धरली. सुरीची जाडी धारेच्या जरा वर अर्धा मिलिमीटरसुद्धा नव्हती. याची दीड मिलिमीटर. पाठ पाच मिलिमीटर. म्हणजे धार एकदा कांद्यात शिरली की मागून येतं ते पातं नसतं, पाचर असते. पाचर लाकूड फोडते, तशी ती कांदाही फोडणार. याला कितीही धार लावा, मी लावून पाहिली, कागद सरसर कापतो आणि कांदा फोडतो. तो बिघडलेला नाहीच, त्याचा आकारच तसा आहे.

बरं, लाकूड फोडायला म्हणून घ्यावा तर तेही नाही. एक तर रतनगड अभयारण्यात येतो, तिथे लाकडाला हात लावायचा नसतो. दुसरं म्हणजे पाठीवरचे हे दाते बघा, सगळे एका रेषेत आहेत. सुताराच्या करवतीचे दाते एक डावीकडे, एक उजवीकडे थोडे वाकवलेले असतात, म्हणून ती पात्याला जागा करत जाते. हे जरा आत गेले की अडकतात. आणि तिसरं, या गृहस्थांनी नंतर घरी याने नारळ सोलायला घेतला. वहिनी आणि नारळ, दोघंही साक्षीदार आहेत. जरा पीळ दिला आणि पातं मुठीतून निघून आलं. ते मी उघडून पाहिलं. पातं मुठीत जातच नाही! बुडाशी बोटाच्या पेराएवढा आटे पाडलेला एक तुकडा वेल्ड केलाय आणि आतून नट लावलाय. वेल्डिंगपाशी तुटलाय, हे राखाडी कण दिसतायत ना, तिथे. पोकळ मुठीत गळ आणि काड्या ठेवायच्या तर पोलादाने जायचं कुठे?

हं, चिठ्ठी आली. पंचवीस मिनिटं राहिली. म्हणजे एका चाकूवर अर्ध्याहून जास्त वेळ गेला. असू दे, बाकीचे सगळे त्याचेच भाऊबंद आहेत.

हा घडीचा. पात्यावर मोठ्या अक्षरांत 440. गिऱ्हाईक आकडा बघून खूश. अहो, 440 हे स्टेनलेस पोलादाचं एक घराणं आहे. ए, बी आणि सी. क्रोमियम तिघांत सारखं, सोळा ते अठरा टक्के. कार्बन मात्र ए मध्ये 0.6 ते 0.75 टक्के आणि सी मध्ये एक टक्क्याच्या आसपास. धार टिकण्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. ज्याने सी वापरलंय तो सी छापायला विसरेल का? आणि सी असूनही भट्टीत तापमान चुकलं तर काय? हा मी रॉकवेलला, म्हणजे कडकपणा मोजायच्या यंत्राला, लावला होता, पन्नासच्या जरा वर आला. चांगल्या खिशातल्या चाकूला छप्पन्न-अठ्ठावन्न लागतो. अक्षरं पात्यावर लेझरने कुणीही कोरू शकतो, कडकपणा भट्टीतच येतो.

काहींवर 'सर्जिकल स्टील' लिहिलेलं असतं. सर्जन ते पातं एका ऑपरेशननंतर फेकून देतो, हे त्यात कुणी लिहीत नाही.

आणि हा दमास्कस, म्हणजे नागमोडी नक्षीच्या पोलादाचा. कुणाचा आहे? बरं, नका सांगू. दोन प्रकारच्या पोलादाचे थर भट्टीत एकजीव करून घडवले आणि फेरिक क्लोराइडमध्ये बुडवले की नागमोडी नक्षी उमटते. ती खरी असेल तर घासून गुळगुळीत केल्यावरही पुन्हा त्याच द्रावणात टाकलं की परत उमटते. ही आमच्याकडे भांड्यांच्या घासणीने गेली ती कायमची. दक्षिण भारतातलं वूट्झ पोलाद एकेकाळी पश्चिम आशियात जायचं, तलवारी तिथे व्हायच्या. आता तिकडच्या शहराचं नाव छापील नक्षी होऊन आपल्याकडे येतंय. याच्यावर बोलायला वेगळं व्याख्यान लागेल, सेक्रेटरीबाई मान हलवतायत, नकारार्थी.

मग चांगलं काय, असं विचाराल. खिशातल्या चाकूत मला स्विस आर्मी नाइफबद्दल आदर आहे, आणि तो त्यातल्या कात्री-बूचकाढ्याबद्दल नाही. स्वित्झर्लंडमधल्या इबाखच्या कार्ल एल्सनरने 1884 मध्ये कारखाना काढला, 1891 मध्ये सैन्याला चाकू द्यायला सुरुवात केली. गंमत म्हणजे त्या सैनिकी चाकूंची पहिली खेप जर्मनीत झोलिंगेनला बनली होती, आणि जर्मन माल स्वस्त पडत असल्याने एल्सनर जवळजवळ बुडाला होता. तो सावरला 1897 च्या ऑफिसर चाकूवर. पण मला भावतं ते वेगळंच. पातं रॉकवेल 56. करवत आणि कात्री 53. पेचकस आणि डबा उघडायचं हत्यार 52. बूचकाढू आणि आतल्या स्प्रिंगा 49. एकाच चाकूत चार वेगवेगळे कडकपणे! पेचकस पात्याइतका कडक केला तर टोक तुटेल, स्प्रिंग तितकी कडक केली तर मोडेल. हे आकडे वाचून मी भट्टीवर काम करणाऱ्या माणसासारखा खूश झालो होतो. आणि त्याला नावं काय ठेवतात, तर पातं पातळ आहे, डुगडुगतं. अहो, पातळ आहे म्हणून तर काकडी कापतंय!

ओपिनेलची तक्रारही अशीच. हा फ्रान्समधल्या सावोयचा, 1890 पासूनचा. मूठ बीचच्या लाकडाची, पातं अडकवायची कडी 1955 पासूनची. पातं दोन मिलिमीटरच्या आत, कापायला अप्रतिम. आपल्याकडे जुलैत न्या, लाकूड पाणी पितं, फुगतं, पातं मुठीत घट्ट बसतं. यावर सावोयच्या लोकांचाच उपाय आहे, मुठीचं बूड दगडावर ठोकायचं, पातं थोडं बाहेर येतं, मग ओढायचं. कार्बन पोलादाचा असेल तर टोमॅटोने, लिंबाने काळा पडतो. तो डाग आहे, गंज नाही. पुसा, तेलाचं बोट लावा. पावसाळ्यात एवढा सोस नको असेल तर स्टेनलेसचा घ्या, त्यातही मिळतो.

कोयत्याबद्दल एकच सांगतो, कारण कोयता म्हटलं की आपले लोक हळवे होतात. ट्रकच्या कमानपाट्याचा, लोहाराने घडवून नीट पाणी दिलेला, म्हणजे तापवून आणि विझवून कडक केलेला कोयता पिढ्यान्‌पिढ्या जातो. पण बाजारात हल्ली रंग मारून टांगलेले असतात ते बरेचदा साध्या पत्र्यातून कापलेले, पाणी न दिलेले. करवंदीच्या जाळीवर दोन घाव घातले की धार वळते. दुकानात बारीक कानस धारेवर हलकी फिरवून बघा. घसरली तर पाणी आहे, कोरत गेली तर सोडून द्या. दुकानदार ओरडेल, ओरडू दे.

दहा मिनिटं. आले का पखवाजवाले? या, बसा मागे, तुमच्याही घरी सुरी असेलच.

तर निवड. पटापट सांगतो. ट्रेकला आपण काय कापतो? कांदा, काकडी, मसाल्याची पाकिटं, दोरी, चिकटपट्टी, एखाद्याच्या बुटाची लोंबती लेस. याला तीन-साडेतीन इंचाचं पातं पुरतं, पाठ दोन-अडीच मिलिमीटर. तंबूची पिन काढायला, बूट खरवडायला, डबा उचकटायला पातं वापरू नका, टोक तुटतं आणि मग दोष चाकूला. या टेबलावरचे टोक गेलेले सगळे तसेच गेलेत.

घडी नको असेल तर स्वीडनमधल्या मोरा गावचे चाकू बघा. अडीच मिलिमीटरचं पातं, प्लास्टिकचं म्यान, दिसायला अगदी गरीब. घडीचा घेत असाल तर पातं उघडा, लॉक लागू द्या, मूठ टॉवेलात धरा आणि पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हलकेच ठोका. लॉक सुटला तर तो चाकू तिथेच ठेवा. उघड्या पात्याला डावीउजवीकडे हलवून बघा. पात्याच्या टोकाकडून डोळ्यासमोर धरून बघा, धारेच्या दोन्ही बाजूंचा उतार सारखा आहे का. बॉक्सवर कडकपणाचा आकडा असेल तर तो वाचा, नसेल तर पोलादाच्या नावाला भुलू नका. आणि दुकानात शक्य असेल तर कागद कापू नका, कागद सगळेच कापतात. खिशात गाजर घेऊन जा. पाचर असेल तर गाजर शेवटी कट्‌ करून तुटतं, चांगलं पातं आवाज न करता खालपर्यंत जातं.

धार घरी लावता येते. निसणा ओला करा, पातं साधारण वीस अंशांत धरा, म्हणजे काटकोनाच्या चौथ्या भागाहून थोडं कमी, दोन्ही बाजू सारख्या. रस्त्यावरच्या ग्राइंडरवाल्याला देऊ नका. ठिणग्या उडताना छान दिसतात, पण धार निळी पडली की तिथलं टेम्परिंग गेलं, ते परत आणायला भट्टीच लागते.

कायद्याचा प्रश्न कुणीतरी चिठ्ठीवर पाठवलाय. शस्त्र कायदा 1959 चा. त्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत धरलेत, घरगुती, शेतीची, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची हत्यारं वगळून. म्हणजे तुमची तीन इंची सुरी त्यात बसत नाही, पण ती घेऊन गर्दीत मिरवायचंही कारण नाही. विमानात मात्र केबिन बॅगेत काहीही नको, खाली सामानात टाका. हिमालयात जाणाऱ्यांचे यातलेच दोन-तीन चाकू पुणे विमानतळावरच राहिलेत.

हो, हो, संपवतो. ज्यांनी आज धार लावायला आणलंय त्यांनी इथे डाव्या बाजूला ठेवा, घडीचे बंद करून, बाकीचे म्यानात, आणि प्रत्येकावर नावाची पट्टी चिकटवा. पुढच्या रविवारपर्यंत घेऊन जा, ड्रॉवर भरलाय.