वांग्यातली अळी आणि पाठीवरचा पंप

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

वांग्याचा प्लॉट म्हटला की दोन तोड्यांच्या मध्ये एक फवारणी, अशी आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळून मारली जातात. खर्च वाढतो, अळी मात्र हटत नाही. ती का हटत नाही, हे आधी पाहू.

शेंडे आणि फळं पोखरणाऱ्या अळीची मादी पतंग रात्री पानांच्या खालच्या बाजूला, शेंड्यावर, फुलकळीवर सुटी सुटी अंडी घालते. तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर येते आणि काही तासांतच शेंड्यात नाहीतर फळात शिरते. शिरताना केलेलं भोक विष्ठेनं बुजतं. पुढे साधारण दोन आठवडे तिचा मुक्काम आतच. वरून कितीही भारी औषध मारलं तरी ते तिच्यापर्यंत क्वचितच पोचतं. ते पोचतं तोडणीला वाकलेल्या बाईच्या हातांना आणि वांगी विकत घेणाऱ्याच्या घरात. मला याचीच जास्त काळजी वाटते.

म्हणून सुरुवात हातानं करा. लागवडीनंतर महिनाभरात प्लॉटमध्ये सकाळी फेरी मारा. बाकी झाड टवटवीत आणि एखादाच शेंडा मान टाकून उभा दिसला, तर तो चिरून बघा. आत फिकट गुलाबी अळी सापडेल. असे शेंडे किडक्या भागाच्या थोडं खालून खुडायचे. घाबरू नका, झाडाला नवी फूट येते. मात्र खुडलेला शेंडा बांधावर टाकला तर अळी तिथेच मोठी होऊन मातीत, पालापाचोळ्यात कोषात जाते. शेंडे आणि किडकी फळं पिशवीत गोळा करून जाळा किंवा खोल पुरा. दर आठवड्याला हे व्हायलाच हवं. फळं लागल्यावर प्रत्येक तोड्याला किडकं वांगं वेगळं काढा.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. हंगाम संपल्यावर वांग्याची वाळकी झाडं जळणासाठी शेताच्या कडेला रचून ठेवतात. त्या ढिगात कोष असतात आणि नवी लागवड उभी राहते तेव्हा त्यातूनच पतंग निघतात. ढीग ठेवायचाच असेल तर बारीक जाळीनं पूर्ण झाका. आणि वांग्यावर पुन्हा वांगं घेऊ नका.

पतंगांसाठी कामगंध सापळे आहेत. त्यातल्या ल्यूरला मादीचा गंध असतो, त्यावर नर येऊन अडकतात. कीड आली का, एवढंच पाहायचं तर एकरी चार-पाच सापळे पुरतात, पण नर पकडून कीड कमी करायची तर एकरी चाळीसच्या आसपास हवेत. सापळा झाडाच्या शेंड्याच्या उंचीला ठेवा, झाड वाढेल तसा वर घ्या, आणि पाकिटावरची मुदत संपली की ल्यूर बदला. शेजारच्या वांगी उत्पादकांनाही सोबत घ्या, कारण फलन झालेली मादी बांध पाहून थांबत नाही.

आता मित्रकीटकांबद्दल. ट्रॅथाला नावाची बारीक गांधीलमाशी या अळीवर वाढते. दर आठवड्याला फवारा मारला तर आधी तीच मरते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं पुन्हापुन्हा मारली की पांढरी माशी आणि लाल कोळी उसळतात, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. मग त्यांच्यासाठी आणखी एक औषध आणावं लागतं.

तुडतुडे आणि पांढरी माशी यांच्यासाठी पिवळे चिकट सापळे लावा. तुडतुड्यांमुळे पर्णगुच्छ रोग पसरतो. बारीक, गुच्छासारखी पानं आलेलं झाड दिसताच उपटून टाका. कीड वाढू लागली तर पाच टक्के निंबोळी अर्क घ्या: पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजत घाला, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, थोडा साबणचुरा घाला आणि एकूण शंभर लिटर पाणी करून संध्याकाळी फवारा.

इतकं करूनही रासायनिक औषधाची गरज पडलीच, तर वांग्यासाठी शिफारस असलेलं एकच औषध, लेबलवर लिहिलेल्या प्रमाणात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले. तोंडाला मास्क, हातात मोजे आणि वाऱ्याकडे पाठ, याशिवाय पंप उचलू नका. फवारणी तोड्यानंतर करा, आणि लेबलवर लिहिलेले दिवस भरल्याशिवाय पुढचा तोडा बाजारात नेऊ नका.