पहिली ओव्हर-अंडर शॉटगन: कंपनीच्या नावाआधी दस्ता पाहा

नमस्कार. ट्रॅप किंवा स्कीट हे उडत्या चकत्यांवर शॉटगनने नेम साधण्याचे खेळ शिकू लागलेले मुंबईतले नेमबाज बहुतेक वेळा एकाच प्रश्नाने सुरुवात करतात: पहिली ओव्हर-अंडर कोणत्या कंपनीची घ्यावी? माझे ठाम मत असे आहे की कंपनी हा नंतरचा मुद्दा आहे. बंदूक तुमच्या अंगाला बसते की नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

ओव्हर-अंडर म्हणजे एकावर एक अशा दोन नळ्यांची बंदूक. आपल्याकडच्या जुन्या दुनळीत त्या शेजारीशेजारी असतात. ओव्हर-अंडरमध्ये नेम धरताना डोळ्यापुढे एकच अरुंद पट्टी राहते आणि उडत्या चकतीमागे नळी फिरवताना हा फरक चांगलाच जाणवतो. शिवाय ती मधोमध मोडून उघडली की आता झाडता येणार नाही हे रेंजवरच्या प्रत्येकाला लांबूनही कळते. नवशिक्याच्या हातातल्या बंदुकीत याहून मोठा गुण मला तरी दिसत नाही.

आता दस्त्याकडे, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागाकडे, येऊ. रायफलीला मागची साइट असते, शॉटगनला ती नसते. ते काम तुमचा डोळाच करतो. त्यामुळे दस्त्याचा वरचा काठ गालाला किती उंचीवर लागतो, यावर छर्रे कुठे जाणार हे ठरते. दुकानात विक्रेत्याची परवानगी घेऊन बंदूक उघडा, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची स्वतः खात्री करा, तोंड सुरक्षित दिशेला ठेवा, डोळे मिटून नेहमीच्या सवयीने ती खांद्याला लावा आणि मगच डोळे उघडा. पट्टीच्या मध्यावर टोकाचा मणी दिसला, तर काम बरेचसे झाले. पट्टीऐवजी बंदुकीचा मागचा भागच डोळ्यासमोर येत असेल, तर दस्ता तुमच्यासाठी खाली आहे. मणी डावी-उजवीकडे सरकलेला दिसला, तर दस्त्याचा बाक जुळत नाही. जाणकार कारागीर थोडाफार बदल करून देतो, पण मुळातच विजोड असलेली बंदूक केवळ स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. ट्रॅपची चकती वर चढत जात असल्याने त्या खेळाच्या बंदुका मुद्दाम किंचित उंच मारा करतात, हेही ध्यानात ठेवा.

बाकीच्या गोष्टी लवकर आटोपतात. बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचे माप) 12 घ्यावा. ट्रॅपसाठी 30 किंवा 32 इंची आणि स्कीटसाठी 28 किंवा 30 इंची नळी चालते. नळीच्या तोंडाशी बसणारे आणि छर्ऱ्यांचा फैलाव ठरवणारे चोक बदलता येणारे असतील तर एकाच बंदुकीवर दोन्ही खेळ शिकता येतात. साडेतीन किलोच्या आसपासचे वजन सुरुवातीला जड वाटते, परंतु धक्का कमी बसतो.

सर्वसाधारण परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही, नामवंत नेमबाजांना मात्र ठराविक सवलत आहे. त्यामुळे आपल्या हाती येणारी ओव्हर-अंडर बहुधा वापरलेली असते आणि ती निरखून पाहणे भाग असते. बंदूक मिटल्यावर ती उघडण्याची वरची लिव्हर मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे थांबली, तर सांधा अजून घट्ट आहे. ती मध्य ओलांडून डावीकडे गेली असेल, तर झीज बरीच झाली आहे. नळ्यांखालचा पुढचा लाकडी हात काढून नळ्या हलवून पाहा, कारण तो बसवलेला असताना सांध्यातला ढिलेपणा लपतो. चाप तपासायचा असेल तर डमी काडतुसे घालूनच.

परवाना हातात येण्याआधी विसार देऊ नका. शस्त्र अधिनियम, 1959 नुसार मुंबईत परवाना पोलीस आयुक्तालयाकडून मिळतो आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. पहिली निवड चुकली, तर त्यांतली एक जागा अडून बसते. म्हणून आधी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली रेंजवरच्या दोन-तीन वेगवेगळ्या बंदुका चालवून पाहाव्यात.

राहिला मुंबईचा पावसाळा. चामड्याची किंवा स्पंजची बंद पेटी बंदुकीभोवती दमट हवा धरून ठेवते आणि घामाचे बोटाचे ठसेसुद्धा पोलादावर गंज उमटवतात. तो गंज आधी पट्टीच्या सांध्यात आणि लाकूड जिथे धातूला भिडते तिथे शिरतो, तेव्हा जुनी बंदूक पाहायला जाताना खिशात छोटी टॉर्च ठेवा आणि प्रकाश पहिल्यांदा तिथेच टाका.