आजारी मॅनेजरची खुर्ची
(भुसावळ येथे व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी ओळख करून देताना मला 'फुटबॉलचे गाढे अभ्यासक' म्हटलं. माझी बायको तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिचा चेहरा ज्यांनी पाहिला, त्यांना खरं काय ते कळलंच असेल. माझी सगळी नोकरी इंजिनांच्या खाली उताणं पडून गेली. फुटबॉल मी पाहतो, त्यावर भांडतो, आणि आता निवृत्त असल्यामुळे जरा जास्तच भांडतो.

मी इंग्लंडच्या न्यूकॅसल युनायटेड या क्लबचा चाहता. भुसावळच्या माणसाने न्यूकॅसल का धरावं, हे मला लग्नाकार्यातसुद्धा विचारतात. उत्तर सोपं आहे. स्टीफन्सन बापलेकांचा इंजिनांचा कारखाना न्यूकॅसलचा, १८२३ सालचा. १८२९ साली 'रॉकेट' तिथंच बनलं. ज्या गावाने आगगाडीचं इंजिन दिलं त्या गावाच्या टीमच्या मागे भुसावळने उभं राहायचं नाही, तर काय मँचेस्टरच्या? (हशा) मागच्या दोन रांगा हसल्या नाहीत. मँचेस्टरवाले तिथे बसलेत, ठाऊक आहे मला.

तर विषय. क्लबचा मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, आजारी पडला तर त्याच्या जागी कोण, आणि हे ठरवताना आपण चाहते इतकी गल्लत का करतो. तीन कसोट्या सांगणार आहे. अध्यक्षांनी पन्नास मिनिटं दिली आहेत, भरपूर झाली.

२०२५ चा एप्रिल. तुम्हाला इथला एप्रिल सांगायला नको. संध्याकाळी गच्चीवर बादल्यांनी पाणी मारायचं, फरशीतून वाफ निघते ती जाऊ द्यायची, मग गाद्या टाकायच्या. आमच्या गच्चीवर पुतण्या, त्याचे मित्र, शेजारचे दोन-तीन जण, आणि माठाला टेकवून उभा केलेला मोबाइल. १३ तारीख, रविवार, रात्री नऊची मॅच, समोर मँचेस्टर युनायटेड. आणि आदल्या दिवशी बातमी आलेली की आमचे मॅनेजर एडी हाऊ शुक्रवारी रात्री इस्पितळात दाखल झालेत. काय झालंय ते सांगत नव्हते. न्यूमोनिया आहे हे मॅचच्या दुसऱ्या दिवशी कळलं.

आता हा हाऊ कोण? महिन्याभरापूर्वी, १६ मार्चला, वेम्बलीवर लिव्हरपूलला २-१ हरवून लीग कप आणलेला माणूस. १९५५ नंतर न्यूकॅसलला देशातला एकही मोठा चषक मिळाला नव्हता. सत्तर वर्षं! आमच्या पुतण्याने त्या रात्री गल्लीत फटाके लावले आणि लोकांना वाटलं क्रिकेट जिंकलो. अशा माणसाला ताप आला, आणि आमच्या गच्चीवर पाचव्या मिनिटाला त्याचा वारस शोधणं सुरू.

सगळी बड्या मॅनेजरांची नावं. एक म्हणे, मोरिन्हो. "तो आपल्या जुन्या मॅनेजरचा, बॉबी रॉब्सनचा, दुभाष्या होता भो, त्याचं मन न्यूकॅसलवर आहे." दुसरा म्हणे, क्लॉप रिकामा आहे. रिकामा कसला, जानेवारीतच रेड बुलकडे कामाला लागला होता तो. मग अर्थातच झिदान. रेआल माद्रिद सोडून २०२१ पासून झिदान घरीच होता, आणि तेव्हापासून आमच्या गच्चीवर तो दर हंगामात चार क्लबांना येतो. घरी बसलेल्या माणसाला कामाला लावायची आपल्याकडे भारी हौस. तरुण असला तर लग्नाला लावतात, म्हातारा असला तर व्याख्यानमालेला.

शेजारच्या आजी एका कडेला पडल्या होत्या. त्यांना वाटलं कुणी तरी गेलं. त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, "अरे पण त्याले तापच आला ना? मेला का तो?"

माझं आजचं सगळं म्हणणं या आजींनी एका वाक्यात सांगितलेलं आहे. आजारी माणसाची जागा काही दिवस सांभाळायची असते. चाहते ती भरायला निघतात. तीन आठवडे कोण आणि तीन वर्षं कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण त्यांची खिचडी करतो, आणि वाईट म्हणजे क्लबचे मालकही करतात.

त्या रात्री काय झालं? हाऊचा सहायक जेसन टिंडल बाकावर उभा राहिला. हा टिंडल म्हणजे फोटोत मॅनेजरच्या आधी दिसणारा माणूस, न्यूकॅसलचे लोकच त्याची यावरून टिंगल करतात. त्याने काही नवं केलं नाही. तोच संघ, तोच खेळ, ४-१. टोनाली, मग बार्न्सचे दोन, मग ब्रुनो. तीन दिवसांनी क्रिस्टल पॅलेसला ५-०. लगेच पुतण्याचा पक्ष बदलला: "टिंडललाच कायम करा!" पुढच्या शनिवारी अ‍ॅस्टन व्हिलाकडे १-४ हरलो आणि झिदान पुन्हा आला. (हशा) २६ तारखेला हाऊ परतले, इप्सविचला ३-० हरवलं, हंगाम पाचव्या नंबरवर संपला आणि युरोपातल्या बड्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेत जागा मिळाली.

'टिंडलला कायम करा' म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट तपासली नव्हती. २०२० मध्ये हाऊने बोर्नमथ क्लब सोडला तेव्हा तिथे याच टिंडलला मुख्य केलं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये काढला. म्हणजे सांभाळायला उत्तम, मालकीला बेताचा. त्यात त्याचा अपमान नाही. आमच्या शेडमध्ये असे फिटर होते, फोरमन रजेवर गेला की शेड घड्याळासारखी चालवायचे, आणि बढतीचं पत्र आलं की तोंड लपवायचे.

आता मी जी गोष्ट सांगणार आहे ती बायकोने इतक्या वेळा ऐकली आहे की ती आता डोळे मिटेल, तिला उठवू नका. २००९.

सप्टेंबर २००८ मध्ये न्यूकॅसलचे मॅनेजर केविन कीगन भांडून गेले आणि मालक माइक अ‍ॅशलीने जो किनिअरला आणलं. हृदयविकाराचा जुना रुग्ण. विम्बल्डनला असताना १९९९ मध्ये झटका येऊन गेलेला. आणि जिभेचा पक्का बेशिस्त. आमचा खेळाडू शार्ल एन्झोग्बिया, त्याला या बाबाने मुलाखतीत 'इन्सोम्निया' म्हटलं, म्हणजे निद्रानाश. पोरगा भडकला, याच्या हाताखाली खेळत नाही म्हणाला, काही दिवसांत विगनला निघून गेला. ते असो. ७ फेब्रुवारी २००९, वेस्ट ब्रॉमची मॅच, सकाळीच किनिअरची तब्येत बिघडली, इस्पितळात नेलं, पुढे बायपास. बाकावर त्याचा सहायक ख्रिस ह्यूटन. शांत माणूस. इतका शांत की कॅमेऱ्याला सापडायचा नाही. ती मॅच ३-२ जिंकली. पुढे मात्र ओढाताण. बोल्टन, मँचेस्टर युनायटेड, आर्सेनलकडे हरलो, एव्हर्टन आणि हलशी बरोबरी. निकाल बरे नव्हते हे मान्य, मी ह्यूटनला देव करत नाहीये.

मग सगळं गाव एकच नाव घ्यायला लागलं. अ‍ॅलन शिअरर! न्यूकॅसलचाच मुलगा, क्लबसाठी २०६ गोल, पुतळा व्हायच्या लायकीचा, आणि पुढे झालाच. फक्त जन्मात एक मॅच मॅनेज केलेली नाही. तारीख कुठली निवडावी? १ एप्रिल. आठ मॅचेस उरल्या होत्या. मी इथे पेढे वाटले, खोटं कशाला बोलू. आठांत एक विजय, दोन बरोबरी, पाच गुण. शेवटच्या दिवशी, २४ मे, अ‍ॅस्टन व्हिलाच्या मैदानावर खालच्या विभागात जाणं टाळायला फक्त बरोबरी हवी होती. हल सिटी ३५ गुणांवर, तिकडे तेही हरत होते. आम्ही ३४ वर, पण गोलफरक आमचा चांगला. एक, फक्त एक गोल हवा होता. झाला तोही आमच्याच डफच्या पायाला लागून आमच्याच जाळ्यात. सोळा वर्षांनी खालच्या विभागात गेलो.

आणि मग? शिअररला कायम केलं नाही, क्लब विकायला काढला, विकला गेला नाही, आणि त्या सगळ्या धुरळ्यात दोरी पुन्हा कुणाच्या हातात? ह्यूटनच्या! २००९-१० च्या हंगामात १०२ गुण, घरच्या मैदानावर एकही हार नाही, पहिल्या क्रमांकाने वर. ऑक्टोबर २०१० मध्ये संडरलँडला ५-१ धुतलं. आणि डिसेंबरमध्ये त्याला काढून टाकलं. का, तर 'जास्त अनुभवी' माणूस हवा. मी आजवर...

(अध्यक्ष चिठ्ठी देतात.) हो, वीस मिनिटं म्हणताय. पुरेत.

पण ही गोष्ट मला इतकी झोंबते याचं कारण इंग्लंडमधलं नाही, इथलं आहे. मी तरुणपणी ज्या संघात खेळायचो, त्याचं नाव सांगत नाही, त्या संघाचे मास्तर ऐन स्पर्धेच्या तोंडावर काविळीने आडवे झाले. त्यांच्या हाताखाली एक गृहस्थ होते. खेळाडू म्हणून सामान्य. पण किटची पिशवी त्यांच्या खांद्याला, चुना त्यांनी मारायचा, ब्लॅडरला पंक्चर त्यांनी काढायचं. कमिटीने ठरवलं, यांना कोण ओळखतं? मुंबईहून एक नामांकित माजी खेळाडू बोलावले. पांढरे बूट. खान्देशात पांढरे बूट, आपल्या काळ्या मातीत! आमचा लेफ्ट-आउट रात्रपाळी करून थेट मैदानावर यायचा. त्याला कडुनिंबाखाली तासभर झोपू द्यायचं, मग चहा आणि दोन केळी, मग खेळवायचं, ही पद्धत त्या पिशवीवाल्या गृहस्थांना ठाऊक. पाहुण्यांनी पहिल्याच दिवशी त्याला शिस्त म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. तिसऱ्या फेरीला तो कॉर्नरच्या झेंड्याजवळ बसला तो बसलाच. बरं, ते गृहस्थ पाहुण्यांना सांगायला गेले तर पाहुणे म्हणतात, "तुम्ही पाणी बघा." स्पर्धेत किती गोल खाल्ले ते मी सांगणार नाही, या सभागृहात त्या संघातले दोन जण बसले आहेत आणि त्यांची नातवंडं बरोबर आहेत. मास्तर बरे होऊन आले तेव्हा त्यांना मैदानावर ना पिशवी सापडली ना पिशवीवाला. ते गृहस्थ परत कधी आले नाहीत.

दहा मिनिटं? अहो, आत्ताच वीस म्हणालात. बरं. मग कसोट्या धावत सांगतो.

पहिली कसोटी: माणूस परत येणार आहे का, आणि कधी, हे डॉक्टरांना विचारा, गच्चीला नको. लिव्हरपूलचे जेरार उलिए, १३ ऑक्टोबर २००१, लीड्सच्या मॅचच्या मध्यंतरात छातीत दुखायला लागलं, महाधमनी फाटलेली, त्याच रात्री मोठी शस्त्रक्रिया. फिल थॉम्पसनने पाच महिने संघ चालवला. त्याने घर मोडलं नाही की नवं बांधलं नाही. मार्चमध्ये उलिए रोमाविरुद्ध परतले, मॅच २-० जिंकली, हंगामात दुसरा क्रमांक. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं सांगत नाहीत. पुढच्या हंगामात पाचवे, २००४ मध्ये निरोप. माझं मत असं की ते लवकर परतले. पण हे मत आहे, मी काही हृदयाचा डॉक्टर नाही.

दुसरी: निर्णय कुणाचा, हे एकदाच ठरवा. बार्सिलोनाचे टिटो व्हिलानोव्हा, डिसेंबर २०१२ मध्ये कर्करोग उलटला, उपचारांना न्यूयॉर्कला गेले. बाकावर जोर्दी रौरा, पण मॅनेजर टिटोच. फेब्रुवारीत मिलानकडे २-० हरले, मग आठवड्यात रेआलकडे दोनदा. लोकांनी रौराला नावं ठेवली. बिचाऱ्याच्या हातात होतं काय? तरी मिलानला परतीच्या मॅचमध्ये ४-० काढलं आणि लीग शंभर गुणांनी जिंकली, कारण संघच तसा होता. ज्यांच्याकडे मेस्सी नाही त्यांनी असं करू नये. टिटोंनी जुलै २०१३ मध्ये पद सोडलं, पुढच्या एप्रिलमध्ये गेले. पंचेचाळीस वर्षांचे होते.

तिसऱ्या कसोटीसाठी मला सय्यद अब्दुल रहीम साहेबांवर अर्धा तास हवा होता. पाच मिनिटं आहेत. हैदराबादचे शाळामास्तर, १९५१ च्या एशियाडचं सुवर्ण, १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला चौथा क्रमांक. १९६२ ला जकार्ताला गेले तेव्हा अंगात कर्करोग होता. जर्नेल सिंग हा बचावपटू, डोक्याला टाके पडलेले, त्याला रहीम साहेबांनी आघाडीला खेळवलं. ४ सप्टेंबर, अंतिम सामना, दक्षिण कोरिया. पी. के. बॅनर्जींचा एक, जर्नेलचा एक, २-१. पुढच्या जूनमध्ये रहीम साहेब गेले. त्यानंतर भारताला फुटबॉलमध्ये एशियाडचं सुवर्ण नाही, आजपर्यंत नाही. कसोटी अशी, की माणूस धडधाकट असतानाच त्याच्या शेजारी दुसरा बसवलेला आहे का? लिव्हरपूलने बसवला होता. १९७४ मध्ये मॅनेजर शँक्ली अचानक पद सोडून गेले, शेजारचे बॉब पेझली पुढे आले, तीन युरोपियन कप आणले. आपण रहीम साहेबांच्या शेजारी कुणाला तयार केलं होतं? यावर बोलायला हवं होतं, आणि मी शिअररवर वेळ घालवला. मागच्या रांगेतून कुणीतरी "सॅमी ली" म्हणालं. बरोबर आहे, बोल्टनला सहायक होता, २००७ मध्ये मुख्य केला, सहा महिने टिकला नाही. पण तिथे आधीचा मॅनेजर आजारी नव्हता, सोडून गेला होता, तो तीन वर्षांचा प्रश्न. माझा मुद्दा आजारपणाचा आहे.

अध्यक्ष उभे राहिले आहेत. ह्यूटनचं पुढे काय झालं असं एका चिठ्ठीत विचारलंय: २०१७ मध्ये ब्रायटनला प्रीमियर लीगमध्ये आणलं. दुसरी चिठ्ठी, "झिदान येईल का?", हस्ताक्षर माझ्या पुतण्याचं आहे, त्याला मी घरी उत्तर देईन. बाकीचे प्रश्न बाहेर, चहाच्या टेबलापाशी. मँचेस्टरवाल्यांनी आधी चहा घ्यावा, मग बोलावं.