पिशवीत मावणारा लॅपटॉप

नमस्कार श्रोतेहो.

लॅपटॉप घ्यायला दुकानात गेलं की काउंटरमागून पहिला प्रश्न येतो, ‘बजेट किती?’ आणि लगेच दुसरा, ‘आय-फाइव्ह दाखवू की आय-सेव्हन?’ हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचे, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूचे, प्रकार. तुम्हाला गेम खेळायचे नसतील, सिनेमे एडिट करायचे नसतील, रोज सोबत नेता येईल असा छोटा लॅपटॉप हवा असेल, तर उत्तर द्यायची घाई करू नका. आधी एवढंच बघा, की समोरच्या यंत्रातलं काय काय नंतर बदलता येणार नाही. पैसा तिथे घालायचा.

हे मी का म्हणतो, त्यासाठी थोडं मागे जाऊ. २००७ साली असूस कंपनीने ईई-पीसी नावाचा चिमुकला लॅपटॉप आणला. पडदा ७ इंचाचा, वजन किलोच्याही आत, साठवणीला अवघे ४ जीबी, आणि किंमत त्या काळी नवल वाटावं इतकी कमी. त्याच्यामागून सगळ्या कंपन्यांनी नेटबुकं, म्हणजे असेच छोटे स्वस्त लॅपटॉप, काढली. काही महिन्यांतच, जानेवारी २००८मध्ये, ॲपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदाच्या पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढून दाखवला. तो महाग होता, पण त्याचा पडदा १३ इंची आणि कीबोर्ड पूर्ण मापाचा होता. कंपनीने जाडी कापली होती, बोटांची जागा कापली नव्हती. नेटबुकं पुढे चार-पाच वर्षांत बाजारातून गेली. आज दुकानात जे सडपातळ लॅपटॉप दिसतात, ते सगळे एअरच्या वळणावर गेलेले.

पण त्या सडपातळपणाची किंमत एअरनेच दाखवून दिली होती. त्यातली २ जीबी रॅम, म्हणजे काम चालू असताना यंत्र वापरतं ती स्मृती, मुख्य बोर्डावर सोल्डर केलेली होती. म्हणजे घेतली तेवढीच, पुढे वाढवायची सोय नाही. आजच्या बहुतेक पातळ लॅपटॉपचं हेच आहे. ब्राउझरमध्ये दहा-पंधरा पानं उघडी, एकीकडे मुलांचा ऑनलाइन वर्ग, एकीकडे एक्सेलची फाइल, एवढ्यात ८ जीबी रॅम भरून जाते आणि यंत्र रेंगाळायला लागतं. म्हणून १६ जीबी घ्या. विक्रेता म्हणेल, ‘साहेब, ८ पुरते, नंतर टाकून देऊ.’ त्याला शांतपणे विचारा, ‘स्लॉट कुठे आहे, दाखवा.’

साठवणीचं मात्र उलट आहे. एसएसडी, म्हणजे फायली जिथे साठतात तो भाग, बहुतेक लॅपटॉपमध्ये एका स्क्रूने बसवलेली असते आणि ती बदलता येते. पैसे कमी पडत असतील तर ५१२ऐवजी २५६ जीबीवर भागवा, पण रॅममध्ये कपात नको. फक्त फार स्वस्त लॅपटॉपमध्ये ईएमएमसी नावाची ६४ जीबीची साठवण असते, तिच्यापासून दूर राहा. तीही बोर्डाला चिकटलेली, आणि विंडोजचे अपडेट यायला लागले की तिची जागा संपते.

आता कीबोर्ड. इथे मराठी लिहिणाऱ्यांनी कान द्यावेत, कारण ही गोष्ट इंग्रजी परीक्षणांत तुम्हाला कोणी सांगणार नाही. लॅपटॉप छोटा करताना कंपन्या सर्वांत आधी उजव्या काठावरच्या कळा चिंचोळ्या करतात. इंग्रजीत तिथे कंस, अर्धविराम, अवतरणचिन्हं असतात. चिंचोळ्या झाल्या तरी इंग्रजी लिहिणाऱ्याचं फारसं बिघडत नाही. पण इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड पद्धतीत त्याच काठावर आपले ड, ट, च आणि ‘ॉ’ची खूण बसलेली आहे. ‘डॉक्टर’ लिहायचं तर ड काठावर, ॉ काठावर, ट काठावर! तेव्हा दुकानात लॅपटॉप उघडून मराठी कीबोर्ड चालू करायला सांगा आणि चार ओळी टाइप करून पाहा. लाजायचं काय त्यात, पैसे आपले आहेत. ११ इंची लॅपटॉप इथेच बाद होतात असा माझा अनुभव. १३ ते १४ इंच हे माप मला योग्य वाटतं.

पडदा मंद असेल तर तोही जन्मभर मंदच राहणार. माहितीपत्रकात ‘निट्स’ असा पडद्याच्या उजेडाचा आकडा असतो. २५० निट्स घरात चालतात. पण एसटीच्या खिडकीशी किंवा ओसरीवर बसून काम करायचं असेल तर ४०० बघा.

वजन चार्जरसकट मोजा. १.३ किलोच्या लॅपटॉपबरोबर अर्ध्या किलोचा ठोकळा वागवायचा असेल, तर लोकलच्या गर्दीत खांद्याला फरक काय कळणार? टाइप-सीवरून चार्ज होणारा घ्या, म्हणजे ‘पीडी’ (पॉवर डिलिव्हरी) लिहिलेला ६५ वॉटचा एकच छोटा चार्जर फोनलाही चालतो.

खोक्यावर बॅटरीचे तास लिहिलेले असतात, ते सोडून द्या. वॉट-अवरचा, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचा, आकडा विचारा. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला लॅपटॉप साधारण ७ वॉट घेतो. ५० वॉट-अवरची बॅटरी असेल तर झाले सातेक तास. व्हिडिओ कॉल सुरू केला की हेच तास निम्म्यावर येतात. ज्यांच्या गावात भारनियमन आहे त्यांनी हा हिशेब दुकानातच करावा.

आणि प्रोसेसर? गेल्या तीन-चार वर्षांतला मधल्या दर्जाचा कोणताही घ्या. रोजच्या कामाला सगळे पुरतात.

नवा परवडत नसेल, तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, किंवा तुमच्या शहरातल्या अशाच बाजारात, कंपन्यांच्या ऑफिसांमधून निघालेले लॅपटॉप मिळतात. त्यांची बांधणी दणकट असते आणि कीबोर्ड तर अनेकदा नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा सरस. पण विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनच रीतसर चालते. आय-फाइव्हच्या पुढच्या आकड्याची सुरुवात पिढी सांगते. म्हणून तो ४, ५, ६ किंवा ७ने सुरू होत असेल, तर कितीही स्वस्त दिला तरी सोडा. मग बॅटरीचा अहवाल काढायला सांगा, विंडोजमध्ये ती सोय आहे. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज उरलेली क्षमता, असे दोन आकडे दिसतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर नवी बॅटरी घालून मागा, नाहीतर तेवढे पैसे कमी करायला लावा. आणि पक्कं बिल घेतल्याशिवाय दुकानातून उठू नका.

नमस्कार.